साराभाई विवर

शुक्ल अष्टमीच्या संध्याकाळी माढ्यातील एखाद्या गच्चीवरून अर्धा चंद्र पाहिला, तर त्याच्या उजळ भागात उत्तरेच्या बाजूस एक काळसर गोल डाग साध्या डोळ्यांनीही दिसतो. जुन्या खगोलज्ञांनी त्यास समुद्र मानून ‘मारे सेरेनिटाटिस’ हे नाव दिले. वस्तुतः ते थिजलेल्या लाव्हारसाचे मैदान आहे. त्या मैदानात सुमारे आठ किलोमीटर व्यासाचे एक विवर असून, १९७३ साली त्यास डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव देण्यात आले. अहमदाबादच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या या शास्त्रज्ञाचे निधन त्यापूर्वी दोनच वर्षे, ३० डिसेंबर १९७१ रोजी झाले होते.

हे विवर गच्चीवरून दिसत नाही. ३० जुलै २०२० रोजी ते टिपले चांद्रयान-२ ने. त्याच यानाचा ‘विक्रम’ लँडर ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे उतरताना कोसळला होता आणि अनेकांनी सारी मोहीमच तोट्याच्या रकान्यात मांडून टाकली होती. हिशेब घाईचा होता. चंद्राभोवती सुमारे शंभर किलोमीटर उंचीवरून फिरणारा ऑर्बिटर शाबूत होता. त्याचे नियोजित आयुष्य एक वर्षाचे. प्रक्षेपण अचूक झाल्याने इंधन वाचले आणि ते सुमारे सात वर्षांवर गेले.

त्यावरील टेरेन मॅपिंग कॅमेरा एकाच जमिनीची तीन छायाचित्रे घेतो : पुढे पाहत, सरळ खाली पाहत आणि मागे वळून. दोन डोळ्यांमुळे माणसास अंतर कळते, तसेच या तीन कोनांतील फरकावरून विवराची खोली काढता येते. साराभाई विवर काठापासून सुमारे १.७ किलोमीटर खोल आणि त्याच्या भिंतींचा उतार २५ ते ३५ अंशांचा निघाला. आपले कळसूबाई १६४६ मीटर उंच. ते शिखर त्यात बुडून जाईल! हा कॅमेरा इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्रात, म्हणजे साराभाईंच्याच गावी घडला.

ऑर्बिटरवर आणखी एक कॅमेरा आहे. शंभर किलोमीटरवरून पाव मीटरपर्यंतचा तपशील तो टिपतो. चांद्रयान-३ ची उतरण्याची जागा निवडताना त्याची छायाचित्रे उपयोगी पडली. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी दुसरा ‘विक्रम’ सुखरूप उतरला. त्यानंतर त्याच दिवशी या जुन्या ऑर्बिटरने त्याचे छायाचित्र घेतले : करड्या, खळग्यांनी भरलेल्या जमिनीवर एक लहानसा पांढरा ठिपका.