बेडकाला झोपू द्या

कुणी जास्त झोपलं की आपण त्याला कुंभकर्ण म्हणून चिडवतो. पण काही प्राण्यांची लांब झोप म्हणजे आळस नव्हे. ते त्यांचे जगण्याचे काम आहे, असे माझे मत आहे.

हिमालयात तपकिरी अस्वल राहते. हिवाळ्यात तिकडे बर्फ पडतो व खायला काही मिळत नाही. म्हणून अस्वल थंडीच्या आधी सारखे खात सुटते. अमेरिकेतली अशी अस्वले तर दिवसातले वीस-वीस तास खातात. अंगावर चरबी चढली की त्यांचे हिंडणे कमी होते. मग ती गुहेत शिरतात आणि कित्येक महिने अन्नपाण्यावाचून पडून राहतात. आपली आई नाही का पावसाळ्याआधी सरपण, डाळी भरून ठेवत? तशीच ही बेगमी.

आपल्या मेळघाटातले व ताडोबातले अस्वल मात्र असे झोपत नाही. त्याला वाळवी, मुंग्या, मध, मोहाची फुले असे काही ना काही बारा महिने मिळते.

आपल्या माळशिरसला अस्वल नाही, पण असा झोपणारा बेडूक आहे. फक्त तो उन्हाळ्यात झोपतो. आपल्याकडे पाऊस कमी. पावसाळ्यात बेडूक किडे खाऊन चरबी साठवतो आणि रान वाळू लागले की मातीत शिरतो. काही बेडकांच्या मागच्या पायाला कडक गाठ असते. तिने माती उकरत ते पाठीकडून खाली जातात. तिथे ओल्या कातडीतून श्वास घेत ते पावसाची वाट बघतात.

नांगरताना किंवा गाळ काढताना असा बेडूक वर येतो. तो सुस्त असतो, पळत नाही. मग पोरं त्याला काठीनं ढोसतात, दगड मारतात. हे मला बिलकूल पटत नाही. साठवलेली चरबी पळण्यातच संपली तर तो पावसापर्यंत जगेल कसा?

कुणी म्हणेल, एवढ्याशा बेडकाचं काय एवढं! पण तो आपल्या पिकावरचे किडे खातो. सरकारनेसुद्धा १९८७ साली बेडकांचे पाय परदेशी विकायला बंदी केली.

म्हणून वर्गमित्रांनो, असा बेडूक दिसला तर त्याला सावलीत ओल्या मातीत ठेवा. वर थोडी भुसभुशीत माती टाका. पालकांनीही शेतात एवढे करावे, ही विनंती. मृगाचा पाऊस पडला की तो आपला आपण वर येईल आणि डराव डराव करील.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी