घरच्या कॅसेटी, घरचा सर्व्हर

घरात स्वतःचा मीडिया सर्व्हर असावा असं मी म्हटलं, की ऐकणाऱ्याला सिनेमांचा साठा आठवतो. सिनेमे कुठेही मिळतील. तुमच्या काकांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट मात्र तुमच्याखेरीज कुणाकडेच नाही, आणि ती माळ्यावर बुरशी धरते आहे.

सामान फार लागत नाही. जुना लॅपटॉप, मोठी हार्ड डिस्क आणि जेलीफिन हे सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर. एम्बी या सॉफ्टवेअरने आपला कोड बंदिस्त केला, तेव्हा काही जणांनी आधीचा खुला कोड घेऊन डिसेंबर २०१८ मध्ये जेलीफिन सुरू केलं. त्याला वर्गणी नाही. लॅपटॉप राउटरला वायफायऐवजी केबलने जोडा, अडखळणं पुष्कळ कमी होतं.

प्रत्येक उपकरणाला प्रत्येक प्रकारची फाइल चालत नाही. मग सर्व्हर ती चालता चालता बदलून पाठवतो आणि जुन्या प्रोसेसरचा दम निघतो. कॅसेटींवरून संगणकावर उतरवलेल्या घरच्या चित्रफिती एकदाच एच.२६४ या प्रकारात करून ठेवल्या, तर हॉलमधल्या टीव्हीपासून भाच्याच्या मोबाइलपर्यंत बिनबोभाट चालतात. त्याच वेळी डीइंटरलेसिंगही करून घ्या. आपल्याकडच्या कॅसेटींत सेकंदाला २५ चित्रं असतात आणि प्रत्येक चित्र एकाआड एक रेषांच्या दोन अर्ध्यांत साठवलेलं असतं. ते अर्धे नीट जुळवले नाहीत, तर अक्षता टाकणाऱ्या हातांच्या कडांना कंगव्यासारखे दाते फुटतात.

खरं काम यानंतरचं. सिनेमाचं नाव आणि साल दिलं की जेलीफिन पोस्टर, कलाकार, कथा सगळं इंटरनेटवरून आणतं. आपल्या घरच्या लग्नातली माणसं कुठल्याच संकेतस्थळाला ठाऊक नाहीत. ती फक्त मामींना ठाऊक आहेत. टीव्हीसमोर बसवलं की मामी म्हणतात, “थांब गं, मागे घे जरा. पिवळ्या नऊवारीतली ती आत्याबाई नव्हे, त्यांच्या धाकट्या जाऊबाई. आणि जिलबी वाढतोय ना, तो शेजारचा, त्या दिवशी जेवलाच नाही बिचारा.” हे सगळं मी तिथल्या तिथे वर्णनाच्या रकान्यात लिहून टाकते. मला यापेक्षा मोलाचं काम या यंत्रावर दुसरं दिसत नाही.

परदेशातल्या मुलांना हे दाखवायचं, तर राउटरचा पोर्ट जगाला उघडा ठेवू नका. टेलस्केलसारखं खासगी जाळं घाला, घरच्यांनाच वाट मिळते. आणि सगळ्याची आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या घरात ठेवा.

व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६ मध्ये थांबली. चालू यंत्रं कमी होत चालली आहेत, ती दुरुस्त करणारे हातही. सर्व्हर पुढच्या महिन्यात उभा केलात तरी चालेल, कॅसेटी या आठवड्यातच खाली काढा. बुरशी दिसली तर यंत्रात घालू नका, आधी जाणकाराकडून साफ करून घ्या.