पूल दुरुस्त करा, पण आमची वाट तोडू नका

भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांच्या मधला पट्टा म्हणजे राहू बेट. इथे दवाखाना, कॉलेज, मजुरी, सगळे पुलावर अवलंबून. म्हणून 'पूल हा इंजिनिअरचा विषय, चळवळीचा काय संबंध?' असे म्हणणाऱ्या मित्रांशी आम्ही सहमत नाही.

खराब पुलावर प्रशासनाकडे दोनच उत्तरे असतात. पहिले, फलक लावून मोकळे व्हायचे. १५ जून २०२५ रोजी आपल्याच जिल्ह्यात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला आणि ४ जणांचा जीव गेला. धोक्याचा फलक तिथे होताच! दुसरे, पूल सरसकट बंद करून वळसा घाला म्हणायचे. वळशाने चारचाकीवाल्याचे पेट्रोल जाते. पायी जाणाऱ्या मजूर बाईचा रोज बुडतो, एसटीच्या पासवर शिकणाऱ्या मुलीचे कॉलेज सुटते. वळशाची किंमत कोण मोजतो, हा जातीचा आणि वर्गाचा प्रश्न आहे.

तिसरा मार्ग आहे. कठडा, सांधे किंवा वरचा थर खराब असेल तर अर्ध्या रुंदीत काम आणि अर्ध्यातून वाहतूक चालते. बेअरिंग बदलताना जॅकने पूल उचलावा लागतो. तेवढ्यापुरती वाहतूक रात्री थांबवावी. उसाच्या ट्रॉल्या, हायवा वळवाव्यात; एसटी, रुग्णवाहिका आणि पायी माणूस आधी जावा. खांब किंवा पाया खचला असेल तर मात्र पूल बंदच हवा. पण त्याआधी पर्यायी वाट आणि जादा एसटी द्या.

वेळ लागतो म्हणता? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसटी बससह वाहून गेला. नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला. माणसे गेल्यावर सुचणारी ही घाई आधी का सुचत नाही?

याच महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. त्यामागे १९२३ चा बोले ठराव होता: सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांनाही खुल्या. पूलही सार्वजनिक पैशाचाच. मग त्यावरची वाट कोणासाठी आधी खुली राहील, हे ठेकेदाराने का ठरवायचे?

तरुणांनो, पावसाळ्याआधी आपल्या पुलाचा तपासणी अहवाल माहिती अधिकारात मागा, ग्रामसभेत वाचा. काम निघाले तर वाहतुकीचा आराखडा आधी, कुदळ नंतर!

जय भीम!