सीलबंद यंत्र आणि जागा कार्यकर्ता

निवडणूक जवळ आली की मतदानयंत्राविषयीच्या वादाला ऊत येतो आणि निकाल लागला की तो विरून जातो. हरलेला यंत्राला दोष देतो, जिंकलेला यंत्राचे गुण गातो, आणि पुढच्या खेपेस दोघांच्या जागा बदलल्या की दोघांची मतेही बदलतात. या साऱ्या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. दोन निवडणुकांच्या मधल्या काळात हे यंत्र असते कोठे? त्या खोलीची किल्ली कोणाजवळ असते? आणि कुलूप उघडते तेव्हा साक्षीला कोण असते?

निवडणूक आयोगाचा मुख्य युक्तिवाद सर्वांना परिचित आहे. यंत्र स्वयंपूर्ण आहे, त्याला कोणतीही बाहेरची तार जोडलेली नाही, सबब दूर बसून त्यात कोणी ढवळाढवळ करू शकत नाही. हा युक्तिवाद पूर्णपणे मान्य केला, तरी त्यातूनच दुसरे अनुमान निघते. ज्या यंत्रात तारेने शिरता येत नाही, त्यात शिरण्याचा मार्ग हाताचाच उरतो. म्हणजे या आधुनिक यंत्राची सुरक्षितता अखेर भिंत, कुलूप, सील, नोंदवही आणि माणूस या जुन्याच गोष्टींवर येऊन ठेपते. त्यांपैकी पहिल्या चार सरकार पुरविते. पाचवा आपण पुरवायचा आहे.

कोहमाऱ्यासारख्या गावातून पाहिले म्हणजे याचा अर्थ स्पष्ट होतो. मुंबई-कोलकाता महामार्गाला गोंदियाचा रस्ता जेथे मिळतो, तेथे हे सडक-अर्जुनी तालुक्यातील गाव वसले आहे. विधानसभेसाठी ते अर्जुनी-मोरगाव मतदारसंघात आणि लोकसभेसाठी भंडारा-गोंदियात मोडते. नक्षलप्रभावित भाग म्हणून २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत अर्जुनी-मोरगाव क्षेत्रात मतदान सकाळी ७ ला सुरू होऊन दुपारी ३ लाच संपविण्यात आले. मतदान पथके आणि यंत्रे दिवसाउजेडी सुरक्षित स्थळी परतावीत, हा त्यामागील हेतू. यंत्राचा प्रवास मतदानाइतकाच महत्त्वाचा आहे, हे सरकारने येथे कृतीनेच मान्य केले आहे. प्रश्न एवढाच की, त्या प्रवासात मतदारांच्या बाजूचे डोळे किती असतात?

याच लोकसभा मतदारसंघात २८ मे २०१८ रोजी पोटनिवडणूक झाली. ऐन उन्हाळ्यात व्हीव्हीपॅट यंत्रे ठिकठिकाणी बंद पडली आणि ४९ केंद्रांवर ३० मे रोजी फेरमतदान घ्यावे लागले. बिघाड म्हणजे घातपात नव्हे, हे आपण प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. परंतु बिघाड झाला की राखीव यंत्र आणले जाते, आणि धावपळीच्या त्या घटकेला येणाऱ्या यंत्राचा क्रमांक टिपून घेण्याचे भान केंद्रावरील किती प्रतिनिधींना राहते? संशयाला जागा मिळते ती अशा न टिपलेल्या क्रमांकांतून.

हा प्रश्न मतपेटीच्या काळापासूनचा आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बारा लाखांहून अधिक लोखंडी मतपेट्या तयार झाल्या. बाहेरून कुलूप लावले तर खर्च परवडेना, तेव्हा आतल्या बाजूस बसणाऱ्या कुलुपाची रचना कारखान्यातीलच नथालाल पांचाळ या कामगाराने सुचविली, असे सांगितले जाते. भारतीय लोकशाहीच्या पहिल्या कुलुपात एका श्रमिकाची बुद्धी आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. पेटी उघडली गेली तर ते सामान्य माणसाला दिसत असे. यंत्राच्या पोटात काय झाले ते दिसत नाही. म्हणून त्याच्या बाहेरची राखण अधिक कडक हवी.

ती राखण किती कच्ची असू शकते, याचे दोन पुरावे आपल्याच राज्यात आहेत. २०१० साली हैदराबादचे हरिप्रसाद, अमेरिकेतील प्राध्यापक अॅलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप खोंखरीप यांनी एक खरे भारतीय मतदानयंत्र उघडून अभ्यासले. निकाल दाखविणारा भाग बदलून, किंवा मते साठविणाऱ्या चिपवर मतदान व मतमोजणी यांच्या मधल्या काळात एक लहानसे उपकरण चिकटवून आकडे बदलता येतात, असे त्यांनी दाखविले. दोन्ही प्रकारांत यंत्र हातात येणे ही अट होती. पुढे त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांनी हरिप्रसादांना अटक केली, कारण ते यंत्र मुंबईतील सरकारी गोदामातले होते. ज्यांनी दोष दाखविला त्यांच्यामागे पोलीस लागले. यंत्र गोदामाबाहेर पडलेच कसे, या प्रश्नाची चर्चा मात्र त्या मानाने फारच थोडी झाली.

दुसरी घटना फेब्रुवारी २०२४ मधील. पुणे जिल्ह्यात सासवडच्या तहसील कार्यालयातील स्ट्राँगरूम फोडून चोरट्यांनी एका यंत्राचे कंट्रोल युनिट पळविले. ते प्रात्यक्षिकासाठीचे होते, त्यात कोणाचेही मत नव्हते आणि ते लवकरच हस्तगतही झाले. तथापि आयोगाने प्रांताधिकारी, तहसीलदार आणि पोलीस उपअधीक्षक यांच्या निलंबनाचा आदेश दिला, यावरून प्रकरणाचे गांभीर्य कळते. ज्या कुलपाला भुरटा चोर जुमानत नाही, ते संघटित सत्तेला कितपत रोखील?

यावर उत्तर असे दिले जाते की, नव्या एम-३ पिढीचे यंत्र उघडण्याचा प्रयत्न झाला तर ते आपोआप बंद पडते, आणि कागदी सीले असतातच. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. यंत्रात अशी फेरफार करून एखादी निवडणूक प्रत्यक्ष फिरविली गेल्याचे कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेले नाही, हेही खरे. परंतु सील चोराला अडवीत नाही. चोर येऊन गेल्याचे ते सांगते, आणि तेही विचारणाऱ्यालाच. ज्या सिलाचा क्रमांक लावताना कोणी लिहून घेतला नाही आणि काढताना कोणी ताडून पाहिला नाही, ते सील नसून नुसता कागद आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ च्या निकालात मतपत्रिकेकडे परतण्याची मागणी फेटाळली. परंतु व्हीव्हीपॅटमध्ये चिन्हे भरणारी उपकरणेही सीलबंद करून निकालानंतर ४५ दिवस स्ट्राँगरूममध्ये ठेवावीत, आणि दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांनी सात दिवसांत लेखी मागणी केल्यास प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील ५ टक्के यंत्रांची तपासणी व्हावी, असे निर्देश दिले. तपासणीचा खर्च अर्जदाराने करावयाचा; फेरफार आढळली तरच तो परत मिळावयाचा. श्रीमंत पक्षाला हा अधिकार सहज पेलतो, गरिबाच्या उमेदवाराला पेलत नाही. यास्तव हा खर्च शासनानेच सोसावा, अशी आपली मागणी असली पाहिजे.

अलीकडचा अनुभव तर ताजाच आहे. राज्यातील बहुतेक नगरपरिषदा व नगरपंचायतींचे मतदान २ डिसेंबर २०२५ रोजी झाले, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशाने मतमोजणी २१ डिसेंबरवर गेली. एकोणीस दिवस लोकांची मते बंद खोल्यांत पडून राहिली. आणि या निवडणुकीत व्हीव्हीपॅटचा कागदी पुरावाही नव्हता. अशा वेळी दारावरचा पहारा हाच काय तो आधार उरतो.

हा न्याय मतदानयंत्रापुरता नाही. २१ जून २०१२ च्या आगीत मंत्रालयाचे वरचे मजले जळाले, माणसे दगावली आणि असंख्य फायली गेल्या. आज शेतकऱ्याचा सातबारा, आदिवासीचा वनहक्क, मजुराच्या हजेरीची नोंद ही सारी संगणकात आहे. तो संगणक ज्या खोलीत आहे, तेथे कोण केव्हा शिरले याची नोंद आणि दूर ठेवलेली दुसरी प्रत नसेल, तर गरिबाचा हक्क एका कडीकोयंड्यावर टांगलेला राहतो.

मग कार्यकर्त्याने करावयाचे काय? यंत्रांच्या प्रथमस्तरीय तपासणीचे निमंत्रण मान्यताप्राप्त पक्षांना जाते. ते कचेरीच्या टेबलावर पडून राहू नये. सरमिसळीनंतर यंत्रांची यादी मिळते. ती केंद्रनिहाय उतरवून प्रतिनिधीच्या हाती द्यावी. अभिरूप मतदानास वेळेवर हजर राहून, त्यानंतर यंत्रातील मते पुसली गेल्याची खात्री करावी. सिलावर सही करताना क्रमांक आपल्या वहीत उतरवावा. मतदान संपल्यावर १७-सी नमुन्याची प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडू नये. त्यात यंत्राचा क्रमांक, सिलांचा हिशेब आणि एकूण मते असतात. स्ट्राँगरूमच्या कुलुपावर उमेदवाराला आपले सील लावता येते आणि बाहेर पहारा ठेवता येतो. हा अधिकार पाळीपाळीने, लेखी नोंद ठेवून वापरावा. मतमोजणीच्या टेबलावर वहीतला क्रमांक आणि यंत्रावरचा क्रमांक जुळला नाही, तर तेथेच लेखी हरकत घ्यावी. निकालानंतरच्या आरडाओरडीला कायद्यात किंमत नाही.

यासाठी फार पैसा लागत नाही, शिस्त लागते. सडक-अर्जुनीसारख्या तालुक्यात प्रत्येक केंद्रासाठी वाचता-लिहिता येणारी, दिवसभर जागची न हलणारी दोन माणसे तयार करणे, ही एका सभेच्या मंडपाहून स्वस्त आणि अधिक टिकाऊ अशी गुंतवणूक आहे. तालुका शाखांनी हे शिबिर निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता घ्यावे, आणि निवडणूक नसलेल्या काळात गोदाम केव्हा, कशासाठी आणि कोणासमक्ष उघडले याची नोंद तहसीलदारांकडे लेखी मागण्यापासून कामाला आरंभ करावा.