पोटरीतला गोळा आणि पच्चक्खाणाचा आगार

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतील व्यापार एके काळी पायांवर चालत असे. सातवाहनांच्या काळात कोकणातील बंदरांचा माल नाणेघाट चढून जुन्नरच्या पेठेत येई, आणि मालाबरोबर व्यापारीही तो घाट चढत. आज नारायणगावचा टोमॅटो, ओतूरचा कांदा, सातगाव पठाराचा बटाटा आणि पश्चिमेच्या डोंगरातला हिरडा ट्रकमधून जातो. व्यापारी मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत गादीवर, गल्ल्यामागे किंवा आडतीच्या खुर्चीत बसलेला असतो. चालणे संपले, बसणे वाढले आणि त्याबरोबर वजन, मधुमेह व रक्तदाब घरात आले. त्यामुळे पथ्य आणि औषधे थकल्यावर पुण्यास जाऊन वजन घटवण्याची शस्त्रक्रिया करून घेणारे गृहस्थ आणि गृहिणी आता व्यापारी घरांतही दिसू लागल्या आहेत.

ही शस्त्रक्रिया नवी नाही. अमेरिकेतील आयोवा येथे एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये जठराला वळसा देणारी पहिली शस्त्रक्रिया केली. तिच्या आजच्या रूपात जठराचा अगदी लहान कप्पा करून तो थेट पुढील आतड्यास जोडतात. तिला बायपास म्हणतात. अधिक प्रमाणात होणाऱ्या दुसऱ्या प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून केळ्याच्या आकाराची अरुंद नळी ठेवतात. तिला स्लीव्ह म्हणतात. जिथे पूर्वी लिटरभर अन्नपाणी मावत असे, तिथे आता १०० ते १५० मिलिलिटर मावते. वजन उतरते, साखर आटोक्यात येते, गुडघ्यांना विसावा मिळतो. घरात आनंद असतो. आणि मग दोन-तीन महिन्यांनी एखाद्या रात्री पोटरी अशी वळते, की झोपलेला माणूस ओरडून उठून बसतो.

पायात गोळा येणे ही तशी जुनी तक्रार आहे. वय वाढलेल्यांना, गरोदर स्त्रियांना आणि दिवसभर उभे राहणाऱ्यांना ती परिचित असते. शस्त्रक्रियेनंतर मात्र तिच्यामागे बहुधा ठराविक कारणे असतात: शरीरात पाणी कमी पडणे, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम या क्षारांची तूट, ड जीवनसत्त्वाची कमतरता, आणि चरबीबरोबर स्नायूंचेही झिजणे. यांत कधी एखाद्या औषधाची भर पडते. रक्तदाबासाठी दिलेली, लघवी वाढवणारी गोळी ११० किलो वजनाच्या माणसास योग्य होती. ८५ किलोच्या त्याच माणसास ती पाणी आणि क्षार दोन्ही गमावावयास लावते. वजन उतरत असताना जुन्या गोळ्यांची मात्रा डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घेणे म्हणूनच आवश्यक असते. आपल्या मनाने गोळी बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

जैन घरात पाण्याचा प्रश्न अधिक नाजूक होतो. डिसेंबरात या भागात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. नवकारसीची ४८ मिनिटे धरली आणि चौविहार पाळला, तर पाण्यासाठी जेमतेम १० तास उरतात. शस्त्रक्रियेनंतर जेवताना पाणी पिऊ नये, आणि जेवणानंतरही अर्धा तास थांबावे असे सांगतात. तीन वेळच्या खाण्यात असे ३ तास गेले, तर उरले ७. दिवसाला किमान दीड लिटर पाणी हवे असेल, तर प्रत्येक पंधरा मिनिटांस सुमारे ५० मिलिलिटर, म्हणजे लहान वाटीचा तिसरा हिस्सा, पोटात गेला पाहिजे. दुकानात गिऱ्हाईक असताना हे कोणालाही साधत नाही. मग संध्याकाळी साडेपाच वाजता राहिलेले पाणी एकदम पिण्याचा प्रयत्न होतो, ते पोटात मावत नाही, उलटी होते, आणि होते ते पाणीही जाते. त्या रात्री पोटरी वळली, तर दोष नशिबाचा नसतो, हिशेबाचा असतो. आणि हिशेब तर व्यापारी घराला शिकवावा लागत नाही. उकाळलेले पाणी मापाच्या बाटलीत भरून गल्ल्याशेजारी ठेवावे, दुपारी बारापर्यंत अर्धी बाटली संपलीच पाहिजे असा नेम करावा. एप्रिल-मे महिन्यांत, बाजाराच्या आवारात घाम गाळणाऱ्याने माप वाढवावे.

क्षारांचा विचारही घराच्या रीतीतूनच करता येतो. डॉक्टरांच्या छापील आहारपत्रकात पोटॅशियमसाठी बटाटा आणि रताळे लिहिलेले असते. कंदमूळ न खाणाऱ्या घरात ती ओळ निरुपयोगी ठरते. तिच्या जागी केळे, शिजवलेले कच्चे केळे, मूग, मटकी, दूध आणि नारळपाणी येऊ शकते. आठम-चौदसला हिरवे वर्ज्य असेल, तर त्या दिवशी कडधान्य आणि दूध यांवर भर द्यावा. मॅग्नेशियम बाजरी, राजगिरा, शेंगदाणे, तीळ आणि बदाम यांत असते. तीळ व सुकामेवा आपापल्या संप्रदायाच्या काळमर्यादेत घ्यावा. मीठ-जिरे घातलेले ताक पाणी आणि क्षार दोन्ही देते. द्विदल टाळण्यासाठी कच्चे ताक आणि मूग एकत्र न घेण्याची जी रीत आहे, ती येथे आपोआपच सोयीची ठरते, कारण या रुग्णाने पातळ पदार्थ जेवणापासून वेगळाच घ्यावयाचा असतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी नारळपाणी आणि पोटॅशियम डॉक्टरांना विचारल्याविना वाढवू नये. तिथे जास्तीही घातक असते.

केवळ अन्नावर ही तूट भरून निघेल असे मात्र समजू नये. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास आणि पेलाभर दुधात अडीचशेच्या आसपास कॅल्शियम असते. लहान झालेल्या पोटात इतकी नाचणी आणि इतके दूध रोज जाणे शक्य नाही. म्हणून गोळी लागतेच, आणि ती बहुधा जन्मभर लागते. कॅल्शियम सायट्रेट पचण्यास जठरातील आम्लावर अवलंबून राहावे लागत नाही, म्हणून या रुग्णांना ते अधिक मानवते. कॅल्शियम आणि लोह एकाच वेळी घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही. दोहोंत दोन तासांचे अंतर ठेवावे, आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. बी-१२ हे जीवनसत्त्व शाकाहारात जवळजवळ दुधातूनच मिळते, आणि शस्त्रक्रियेनंतर त्याचे शोषण आणखी घटते. पुष्कळांना ते इंजेक्शनाने घ्यावे लागते.

येथे एक शंका प्रत्येक श्रावकाच्या मनात येते: औषधाचे कवच कशाचे? पुष्कळ कॅप्सूल जिलेटिनच्या, म्हणजे प्राणिजन्य असतात. त्या शंकेपोटी औषधच सोडून देणारी माणसे आहेत. त्याची गरज नाही. बहुतेक जीवनसत्त्वे गोळी, पावडर किंवा वनस्पतिजन्य कवचाच्या रूपात मिळतात. ड३ बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्ध द्रव्यापासून बनते, परंतु दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतीपासून केलेले ड३ ही मिळते. बी-१२ सूक्ष्म जीवाणूंच्या साहाय्याने तयार होते. औषधविक्रेत्याला मोकळेपणाने विचारावे, आणि पर्याय डॉक्टरांकडून लिहून घ्यावा.

प्रत्यक्ष गोळा येईल त्या वेळी करावयाचे ते थोडे आहे. गुडघा सरळ ठेवून पायाची बोटे नडगीकडे ओढावी. जमल्यास उभे राहून टाच जमिनीवर दाबावी. गोळा बहुधा काही क्षणांत, फार तर दहा मिनिटांत सुटतो. नंतर पोटरी हलक्या हाताने चोळावी, शेकावी. झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून, एक पाय मागे सरळ ठेवून पोटरी ताणण्याचा व्यायाम केल्यास रात्रीचे गोळे कमी होतात. सामायिकात ४८ मिनिटे मांडी घालून बसवत नसेल, तर खुर्चीवर बसावे. मॅग्नेशियमची गोळी पुष्कळजण एकमेकांस सुचवतात; तूट असेल तर ती लागते, तूट नसेल तर तिचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून आधी रक्ततपासणी करावी. जुन्या काळी या तक्रारीसाठी देत असलेली क्विनाइन आता सुरक्षित मानली जात नाही.

परंतु पायातील प्रत्येक वेदना गोळ्याची नसते, आणि हे ओळखण्यात जीव वाचतो. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, लाल झाली आणि ताण देऊनही दुखणे राहिले, तर शिरेत रक्ताची गाठ झाल्याची शंका घ्यावी. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात हा धोका विशेष असतो. अशा पायाला तेल लावून मालिश करू नये. घरातली माणसे प्रेमाने पाय दाबावयास बसतात, आणि ती गाठ सुटून फुप्फुसाकडे जाऊ शकते. दम लागला किंवा छातीत दुखले, तर सकाळची वाट पाहू नये. मंचर असो की जुन्नर, पुण्याचे मोठे रुग्णालय साठ ते नव्वद किलोमीटरवर आहे आणि वाटेत चाकणची कोंडी आहे. म्हणून १०८ क्रमांकास ताबडतोब फोन करावा आणि जवळच्या रुग्णालयात आधी उपचार सुरू करावे.

दुसरी खूण आणखी सहज दुर्लक्षिली जाते. शस्त्रक्रियेनंतर वारंवार उलट्या होत असतील आणि तळपाय जळजळत असतील, चालताना तोल जात असेल, दोन-दोन दिसत असेल किंवा बोलणे असंबद्ध होत असेल, तर ती बी-१ या जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमिनची, तीव्र तूट असू शकते. शरीरातील त्याचा साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. अशा रुग्णाला अशक्तपणासाठी नुसते ग्लुकोजचे सलाइन लावले, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. थायमिन आधी द्यावे लागते. गावातील डॉक्टर हे जाणतात. पण रुग्णावर कोणती शस्त्रक्रिया झाली आहे हे त्यांना कोणी सांगितले तरच ते त्यांना सुचेल.

आणि येथेच आपल्या घरांचा खरा दोष आहे. पुष्कळ कुटुंबांत ही शस्त्रक्रिया लपवली जाते. मुलीचे लग्न ठरावयाचे असते, सुनेच्या माहेरी बोभाटा नको असतो, पेठेत चर्चा नको असते. विचारले तर 'पित्ताशयाचे ऑपरेशन झाले' असे सांगतात. मग गावच्या दवाखान्यातही तेच सांगितले जाते, आणि रात्री अडीच वाजता आलेल्या डॉक्टरास अर्धीच हकीकत मिळते. समाजाला सारे सांगणे हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे. डॉक्टरापासून लपवणे मात्र जीवावर बेतते. शस्त्रक्रियेचे नाव, तारीख आणि रोजची औषधे लिहिलेले एक कार्ड पाकिटात, आणि त्याचीच एक प्रत घरच्या औषधांच्या कपाटात असावी.

उरतो प्रश्न व्रताचा. पर्युषण आले की शस्त्रक्रिया झालेली गृहिणी अठ्ठाईचा विचार करते, कारण दरवर्षी ती करीत आली आहे, आणि न केल्यास लोक विचारतील. एकासण्यात दिवसाचे अन्न एका बैठकीत घ्यावयाचे असते. १५० मिलिलिटरच्या जठरात ते मावत नाही. आयंबिलात दूध-दही सुटते, आणि प्रथिनांची दिवसाची ६० ग्रॅमची किमान गरज आधीच कष्टाने भागत असते. अशा शरीरावर दीर्घ उपवास म्हणजे स्नायूंची झीज, क्षारांची तूट आणि कधी हृदयाच्या ठोक्यांतील बिघाड.

पूर्वाचार्यांनी हे न जाणता नियम केलेले नाहीत. पच्चक्खाणाबरोबरच आगार, म्हणजे सवलती, सांगितलेल्या आहेत. त्यांपैकी सर्वसमाधिप्रत्यय आगाराचा अर्थच असा, की तीव्र पीडेत मनाची समाधी टिकावी म्हणून औषध घेतल्यास व्रताचा भंग होत नाही. चौविहार झेपत नसेल तर तिविहार आहे. त्यात पाण्याची मोकळीक राहते. कोणता नियम घ्यावा, हे महाराजसाहेबांना प्रकृतीची पूर्ण हकीकत सांगून विचारावे. अर्धी सांगून नव्हे. बाह्य तपाच्या सहा प्रकारांत अनशनाच्या जोडीला ऊनोदरीही मोजलेली आहे. भुकेपेक्षा कमी खाणे हे जिचे आता रोजचे जीवन झाले आहे, तिला आठ दिवसांच्या उपवासाने स्वतःला सिद्ध करावे लागू नये. रसत्याग आहे, स्वाध्याय आहे, मौन आहे. तपाची वाट अन्नाच्या ताटापाशीच सुरू होऊन तिथेच संपत नाही.

या साऱ्यांत घरच्यांचा वाटा मोठा आहे. सासूबाईंनी सुनेला 'एक उपवास तरी कर' म्हणू नये, आणि मुलाने वडिलांना दुकानात पाण्याची आठवण द्यावी. तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यास, आणि पुढे दरवर्षी रक्ततपासणी चुकवू नये. दिवाळीच्या वहीपूजनास वर्षाचा हिशेब पाहण्याची आपल्याकडे रीत आहे. त्याच दिवसांत हा तपासणीचा कागदही पाहिला, तर विसर पडणार नाही.