अस्सल, तालीक आणि एक जुनी चेक मोटारसायकल

आजचा धागा तलवारीचा, ताम्रपटाचा किंवा एखाद्या अपरिचित गडाचा नाही. तो एका मोटारसायकलीचा आहे. तरीही ज्यांनी कधी जुने कागद हाताळले आहेत, त्यांना त्यातला प्रश्न परका वाटणार नाही. झिजलेली, मोडलेली, निम्मी हरवलेली वस्तू पुन्हा उभी करताना आपण तिचा इतिहास राखतो की खरवडून काढतो?

प्रथम गाडीची ओळख. दक्षिण बोहेमियातील स्ट्राकोनित्से या गावी १९१९ मध्ये शस्त्रनिर्मितीचा एक कारखाना उभा राहिला. पुढे त्याला मिळालेल्या ‘चेस्का झ्ब्रोयोव्का’ या नावाचा अर्थच मुळी ‘चेक शस्त्रशाळा’. पिस्तुलांच्या जोडीला तेथे सायकली बनू लागल्या आणि १९३२ पासून मोटारसायकली. नावाच्या आद्याक्षरांवरून जग या गाड्यांना ‘सीझेड’ म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्याचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि ‘जावा’ या दुसऱ्या चेक गाडीच्या सोबतीने सीझेड ‘मोटोकोव्ह’ या सरकारी निर्यातसंस्थेमार्फत देशोदेशी जाऊ लागली.

जावा म्हटल्यावर अनेकांच्या डोळ्यांसमोर आजोबांची गाडी आली असेल. मुंबईतील इराणी कुटुंबाच्या पुढाकाराने म्हैसूरला ‘आयडियल जावा’ कारखाना निघाला आणि १९६१ पासून तेथे या गाड्या तयार होऊ लागल्या; १९७३ नंतर त्यांचेच नाव ‘येझदी’ झाले. सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन, आणि गिअर बदलण्याचा व किक मारण्याचा दांडा एकच, ही तिची दोन लक्षणे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक होती. हीच दोन लक्षणे अंगावर घेऊन तिची एक चुलत बहीण त्याच काळात युरोपच्या चिखलात उड्या मारीत होती. १९६० च्या दशकातील २५० सीसीची, दोन नळकांड्यांची सीझेड मोटोक्रॉस. आजच्या धाग्याची नायिका तीच.

मोटोक्रॉस म्हणजे डोंगरउतार, चिखल, वाळू आणि खाचखळगे यांतून धावणारी शर्यत. या खेळावर तोवर ब्रिटिश आणि स्वीडिश बनावटीच्या अवजड फोर-स्ट्रोक गाड्यांचे राज्य होते. हलक्या टू-स्ट्रोक इंजिनांनी ते उलथवले, आणि या उलथापालथीत सीझेडचा वाटा फार मोठा. १९६४ मध्ये जोएल रोबेर हा अवघा वीस वर्षांचा बेल्जियन तरुण सीझेडवर २५० सीसी गटाचा जगज्जेता झाला. पुढच्या वर्षी तो मान सोव्हिएत संघाच्या व्हिक्टर आर्बेकोव्हने मिळवला, तोही सीझेडवरच. १९६६ ते १९६८ अशी सलग तीन वर्षे पूर्व जर्मनीच्या पाउल फ्रीड्रिक्सने ५०० सीसी गट जिंकला. त्या गटातले ते टू-स्ट्रोकचे पहिले जगज्जेतेपद. शीतयुद्ध ऐन भरात असताना साम्यवादी देशातील सरकारी कारखान्याची गाडी कॅलिफोर्नियातील तरुण रोख डॉलर मोजून विकत घेत होते, ही गोष्ट स्वतंत्र धाग्याची आहे.

आता मूळ मुद्दा. यांपैकी एखादी गाडी आज गोठ्यात किंवा तळघरात सापडली, तर ती कशी असते? जवळजवळ कधीच संपूर्ण नसते, आणि याचे कारण तिच्या जन्मातच आहे. आजोबांची जावा बाजारहाटाला आणि लग्नकार्याला जात असे. मोटोक्रॉसची गाडी दर रविवारी आपटण्यासाठीच बांधलेली. पहिल्या हंगामातच पिस्टन बदलला जाई, सिलिंडर बोअर करून एक माप मोठा पिस्टन बसवला जाई, वाकलेला सांगाडा तापवून सरळ केला जाई, फुटलेल्या जागी वेल्डिंगची ठिगळे पडत. यिकोव्ह हा चेक कार्ब्युरेटर काढून कोणी जर्मन बिंग लावी, तर कोणी जपानी मिकुनी. बारुम टायर तर झिजण्यासाठीच असत. गाडी जुनी झाली की तिचे इंजिन दुसऱ्या सांगाड्यात जाई आणि सांगाडा तिसऱ्याच्या अंगणात. या वस्तू कोणी जपून ठेवल्या नाहीत, कारण शर्यतीच्या जगात गेल्या वर्षीची गाडी ही निव्वळ भंगार असते.

यातून एक विचित्र गोष्ट निष्पन्न होते. ‘कारखान्यातून आली तशी’ ही अवस्था या गाडीच्या आयुष्यात फार तर एखादा आठवडा टिकली. आजचा संग्राहक मात्र तिला नेमक्या त्याच आठवड्यात परत नेऊ पाहतो. चकचकीत रंग, निष्कलंक टाकी, एकही ओरखडा नाही. माझ्या मते ही जीर्णोद्धाराच्या नावाखाली केलेली कल्पित कथा आहे. सुंदर, खर्चिक, पण कल्पित.

सर्वांत दुर्मीळ भाग कोणता, असे विचाराल तर अनेकजण इंजिन म्हणतील. मी त्या दोन नळकांड्यांचे नाव घेईन. टू-स्ट्रोक इंजिनात जळलेला वायू बाहेर पडताना दाबाची एक लाट नळीतून धावते. नळी आधी फुगत आणि मग निमुळती होत जाणारी असेल, तर ही लाट उलटी फिरते आणि बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. या तत्त्वाला शास्त्रशुद्ध रूप दिले ते पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यातील वाल्टर काडेन या अभियंत्याने, १९५० च्या दशकात. (विषयांतराबद्दल क्षमा, पण हे सांगितल्यावाचून राहवत नाही : काडेनचा चालक एर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळाला आणि हे ज्ञान सुझुकीकडे घेऊन गेला. पुढे १९७० मध्ये त्याच सुझुकीने सीझेडकडून जोएल रोबेरलाही नेले, आणि पहिल्याच वर्षी तो त्यांच्या गाडीवर जगज्जेता झाला.) तात्पर्य, नळीची लांबी आणि तिच्या शंकूंचे कोन बदलले की इंजिनाचा स्वभाव बदलतो. पातळ पत्र्याच्या या नळ्या दगडांवर आपटून चेपत, ठोकून सरळ केल्या जात, शेवटी फेकल्या जात. आज त्यांच्या नव्या प्रती मिळतात. काही दिसायला हुबेहूब असतात आणि आतले कोन मात्र भलतेच. गाडी सुरू होते, छायाचित्रात शोभते. पण तो आवाज तिचा नसतो.

मग अस्सल भाग शोधायचे कुठे? इंग्लंडमधील ब्यूली येथे १९६७ पासून जुन्या सुट्या भागांचा बाजार भरतो. जर्मनीत मानहाइमला भरणारा ‘व्हेटेरामा’ही प्रसिद्ध आहे. चेकियातील जुन्या कारागिरांकडे आणि निवृत्त विक्रेत्यांच्या माळ्यांवर ग्रीसच्या कागदात गुंडाळलेला न वापरलेला माल अजूनही निघतो. तेथे पैशापेक्षा नजर जास्त कामाला येते. कारखान्याची सुट्या भागांची पुस्तिका हे आपले पहिले साधन. पण ओतकामाचा आकार, मापे, छिद्रांच्या जागा वर्षागणिक बदलत गेल्या, त्यामुळे पुस्तिकेतील क्रमांक जुळला तरी भाग बसेलच असे नाही. ‘जावाचा भाग बसेल की’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. घरगुती साम्य पाहून वंशावळ जोडण्याचा हा प्रकार आहे. शिवाय न वापरलेले म्हणजे चांगलेच असेही नाही. पन्नास वर्षे पुडीत राहिलेले क्रँकचे ऑइल सील दिसायला कोरे असते, पण त्याचे रबर कडक झालेले असते. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी क्रँकच्या पेटीतच दाबले जाते. सीलमधून हवा शिरली की मिश्रण पातळ होते आणि महिनोन्‌महिने शोधून मिळवलेला पिस्टन पहिल्या फेरीतच जळून जातो. येथे अस्सलाचा हट्ट धरणे हा मूर्खपणा आहे. सील, टायर, आरे, ब्रेकची केबल, जिवाशी गाठ असलेले सारे नवे घ्यावे आणि घेतले हे सांगावे.

‘सांगावे’ या शब्दावर माझा सारा भर आहे. आपल्या दप्तरांत अस्सल पत्र असते आणि तालीकही असते. तालीक म्हणून ओळखली जाणारी नक्कल कोणालाही फसवत नाही; मूळ हरवल्यावर कित्येकदा तीच एकमेव साधन ठरते. फसवतो तो बनावट कागद, जो स्वतःला अस्सल म्हणवतो. नवा बनवलेला सुटा भाग ही तालीक आहे. त्याच्यावर आतल्या बाजूला, सहज दिसणार नाही पण शोधणाऱ्याला सापडेल अशा जागी, खूण आणि साल कोरले की त्याच्यात कसलेही वैगुण्य उरत नाही. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने मान्य केलेल्या ट्युरिन सनदेतही बदललेल्या भागांवर टिकाऊ खूण करावी आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीसोबतच ठेवावेत अशी शिफारस आहे. वास्तूंच्या जतनासाठीची व्हेनिस सनद १९६४ ची. तिचाच हा वारसा.

बनावट कागदाला समांतर असा प्रकार म्हणजे क्रमांक नव्याने ठोकणे. इंजिन आणि सांगाडा यांचे क्रमांक जुळत असतील तर गाडीची किंमत वाढते. म्हणून रिकाम्या किंवा घासून सपाट केलेल्या धातूवर हवा तो आकडा उमटवला जातो. कायद्याचा भाग सोडून देऊ. अभ्यासाच्या दृष्टीने हे पाप मोठे आहे, कारण न जुळणारे क्रमांकच बहुधा खरी हकीकत सांगत असतात. १९६५ च्या सांगाड्यात १९६७ चे इंजिन असेल, तर कोणत्या तरी हंगामात काहीतरी फुटले होते आणि कोणीतरी ते निभावून नेले होते. तो माणूस आकडा घासताच इतिहासातून नाहीसा होतो.

आणखी एका गोष्टीबद्दल मात्र कोणी फारसे बोलत नाही. एक ‘परिपूर्ण’ गाडी उभी राहते तेव्हा तिच्यामागे बहुधा दोन-तीन अपूर्ण गाड्या उकललेल्या असतात. एकीची टाकी, दुसरीचे हब, तिसरीचा सिलिंडर. उरलेले सांगाडे भंगारात. पदकासाठी सजवलेल्या एका गाडीपायी तीन खऱ्या साक्षीदारांचा बळी जात असेल, तर चुकीचा कार्ब्युरेटर लावलेली, ठिगळांची, पण आपल्या पायांवर उभी असलेली गाडी मला अधिक मोलाची वाटते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. गंज म्हणजे इतिहास नव्हे. मॅग्नेशियमचे हब पांढरी भुकटी होऊन झडत असेल, तर ‘जसे आहे तसे’ म्हणत बसणे हा निव्वळ आळस. शिवाय न चालणारी गाडी अर्धीच कळते. तिचा आवाज, जळक्या तेलाचा वास, हँडलला येणारा थरार हीसुद्धा साधनेच आहेत. मान्य. गंज थांबवा, क्रँक खोलून नवा कनेक्टिंग रॉड बसवा, गाडी चालवा. माझे भांडण दुरुस्तीशी नाही, दुरुस्ती लपवण्याशी आहे.

आपल्यापैकी कोणाच्या घरी सीझेड मोटोक्रॉस असण्याचा संभव नाही. परंतु ओसरीत पोते पांघरून उभी असलेली जावा किंवा येझदी असण्याचा नक्कीच आहे. ती मिस्त्रीकडे पाठवण्यापूर्वी एवढे करा. सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्या. आजोबांनी किंवा मामांनी कोणता भाग कधी, कुठून आणि का बदलला, ते विचारून वहीत लिहा. मिस्त्री अजून हयात असतील तर त्यांनाही विचारा. काढलेले भाग खोक्यात घालून, चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवा. आणि आरटीओत देण्यासाठी चासीच्या क्रमांकावर कागद धरून शिसपेन्सिल घासतात ना, तसाच एक ठसा इंजिनाचा आणि एक सांगाड्याचा घ्या, शिलालेखाचा घेतात तितक्याच हलक्या हाताने, आणि कोपऱ्यात तारीख घाला.