बारीक असली म्हणून काय झालं?

हळदीकुंकू असो, डोहाळजेवण असो की भिशीचं साधं जमणं असो, आपल्या बायकांच्या बोलण्यात पहिला विषय अंगाचाच निघतो. ‘काय गं, किती सुटलीस!’ नाहीतर ‘तू मात्र आहे तशीच हं!’ पहिलीचा चेहरा पडतो, दुसरी मनातून सुखावते. मैत्रिणींनो, मला विचाराल तर या दोन्ही वाक्यांनी आपलं नुकसान केलंय. जाड ती रोगी आणि बारीक ती निरोगी, हा हिशेब आपण डोळे झाकून धरलाय. आपल्या अंगाला तो लागू पडत नाही.

आमचं खंडाळा म्हणजे लोणावळ्याशेजारचं नव्हे बरं का! सातारा जिल्ह्यातलं, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचं. इथल्या कितीतरी बायका रोज शिरवळला कंपनीत कामाला जातात. माझी धाकटी जाऊ त्यातलीच. वय अडतीस, वजन ५० किलो. वर्षभर तिचे तळपाय जळजळत होते, रात्री तीन-तीनदा उठावं लागायचं. घरात सगळ्यांचं एकच, ‘दिवसभर उभी असतेस, त्यानं होतंय. तुझ्यासारख्या काडीला कसली आलीय शुगर?’ शेवटी तपासली तर उपाशीपोटी २१०! दुसऱ्या खेपेला दिवस गेले तेव्हा साखर वाढली होती. बाळंतपणानंतर ती उतरली आणि विषय संपला. पुढच्या आठ वर्षांत कुणी तिला पुन्हा तपास म्हणालं नाही. परवा तिच्या कमरेचं माप घेतलं तर ८७ सेंटीमीटर भरलं. साडीत ते पोट कळतही नाही.

हे असं का होतं, ते समजायला आधी चरबी म्हणजे काय ते बघू. आपण तिला नुसता कचरा समजतो. पण शाळेच्या पुस्तकात तिला ‘मेदऊती’ म्हटलेलं असतं, म्हणजे स्नायूंसारखीच शरीराची एक रचना. तिच्यातली एकेक पेशी म्हणजे जवळजवळ सगळा एकच मोठा थेंब, पातळ तुपाचा म्हणा ना. पेशीचं केंद्रक बिचारं कडेला चेपून बसलेलं असतं, अंगठीतल्या खड्यासारखं. पेशींच्या मधून रक्तवाहिन्यांचं जाळं. खाल्लेलं उरलं की पेशी फुगतात, उपास घडला की आतलं तूप सुटून रक्तात जातं. म्हणजे ही आपली कणगीच! एका ग्रॅम साखरेतून ४ कॅलरी मिळतात, तर एका ग्रॅम चरबीतून ९. थोड्या जागेत जास्त साठवण.

पण कणगी काही निरोप पाठवत नाही, मेदऊती पाठवते. १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिनचा शोध लागला. चरबीतून निघणारं हे संप्रेरक मेंदूला सांगतं की घरात दाणागोटा किती आहे. साठा फारच कमी झाला तर मेंदू पाळीसुद्धा थांबवतो, कारण मूल वाढवायला शिधाच नाही! बारीक व्हायच्या नादात जेवण सोडणाऱ्या मुलींची पाळी जाते, त्यामागचं हे मोठं कारण. मांड्या आणि नितंबांवरची चरबी, जिच्यावरून आपण स्वतःला टोचून घेतो, ती अंगावर पाजताना दुधासाठी कामी येते. पाळी गेल्यावर अंडाशय थंडावतात, तेव्हा इस्ट्रोजेन बनवण्याचं बरंचसं काम चरबीकडे येतं. (तेही प्रमाणात हवं. त्या वयात चरबी फार असली तर स्तनांचा आणि गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो.) आणि नवजात बाळाच्या पाठीत, खांद्यांच्या मध्ये, एक वेगळी तपकिरी चरबी असते. ती साठवत नाही, जाळून ऊब देते. तान्ह्या बाळाला थंडीत कुडकुडता येत नाही, ते या आतल्या शेगडीवर तगतं. तरी दुपट्यात गुंडाळायचं सोडू नका हं!

तेव्हा चरबी वाईट नाही. ती कुठं साठलीय, हा खरा प्रश्न. कातडीखालची चरबी म्हणजे कणगीतलं धान्य. पण कणगी लहान असली आणि भर पडतच राहिली तर धान्य माजघरात सांडणार, चुलीपर्यंत पसरणार. तशी चरबी पोटात आतड्यांभोवती, यकृतात, स्नायूंत जाऊन बसते. मग इन्सुलिनचं काम अडतं आणि साखर रक्तातच फिरत राहते.

आपली कणगीच लहान असते, हे दाखवलं पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. उंचीच्या मानानं वजनाचा दोघांचा आकडा, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजनकाट्याला दोघे सारखेच, आतून मात्र दुपटीहून जास्त फरक.

याची सुरुवात आईच्या पोटातच होते. १९९३ पासून त्यांच्या चमूनं पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि पुढं त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या साउदम्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं सगळीकडून लहान, स्नायू बारीक, पण पाठीवरची चरबी त्या मानानं राखलेली. बारीक दिसतात, पण त्या मानानं मेद जास्त. त्याच अभ्यासात असंही दिसलं की ज्या आया पालेभाज्या, फळं, दूध जास्त खात होत्या, त्यांची बाळं अंगानं चांगली होती. आमच्या लोणंदच्या बाजारात मेथी-शेपूच्या जुड्या काय मिळत नाहीत? पण घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर सुनेच्या ताटात भाजीचा रस्साच उरतो. या बाबतीत मी सासवांना आणि मुलांना, दोघांनाही बोल लावते. पोटुशीला आधी वाढा.

आणि जाड बाईची टिंगलही आता पुरे. मांड्यांनी भरलेली पण कमरेनं आटोपशीर अशी बाई, पोट सुटलेल्या बारीक बाईपेक्षा जास्त सुरक्षित असू शकते. ते घाम आणणारे पट्टे तर विकतच घेऊ नका. घामातून पाणी जातं, चरबी नाही. चालणं, जोर लागेल असं काम आणि ताटातली साखर-मैदा-तळण कमी, पोटातली चरबी याला बधते. आणि ती हलतेही आधी, हे त्यातल्या त्यात बरं.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे येणाऱ्या आशाताईंकडे तिशीपुढच्या माणसांसाठी एक फॉर्म असतो. त्यात कमरेचं माप विचारलेलं आहे. बाईचं ८० सेंटीमीटरपर्यंत असेल तर शून्य गुण, ८१ ते ९० ला एक, ९० च्या वर दोन. पण होतं काय? आपण दारातूनच म्हणतो, ‘लिही गं अंदाजानं, मी काय जाड आहे का!’ तीही संकोचते, पुढची दहा घरं वाट बघत असतात. माझ्या जावेसारखी बाई नेमकी इथंच निसटते. म्हणून आशाताईंना घरात घ्या, दार लोटा आणि टेप लावू द्या. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, पोट आत न ओढता, श्वास सोडल्यावर. ८० सेंटीमीटर म्हणजे साधारण साडेएकतीस इंच. शिवणाची टेपही चालते. आणि गरोदरपणी जिची साखर वाढली होती, तिनं माप काहीही येवो, वजन काहीही असो, साखर दर वर्षी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती तपासून मिळते. सोबत जाऊ, नणंद, शेजारीण, कुणालाही घ्या.